मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांना न्यूरॉलॉजी किती आणि कशी शिकवावी?

डोके दुखणे, चक्कर येणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, अचानक फिट येणे किंवा बोलता बोलता जीभ जड होणे, अशा तक्रारी घेऊन माणूस सहसा थेट मेंदूविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचतो. तेथे त्या वेळी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने न्यूरॉलॉजी बहुतेक वेळा पदवीच्या परीक्षेपुरतीच शिकलेली असते. त्या डॉक्टरने पहिल्या अर्ध्या तासात काय विचारले, काय तपासले आणि कोणाला फोन केला, यावर पुढचे बरेच काही ठरते. मेंदूविकारतज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत आणि योग्य माहितीसह पोहोचला नाही, तर त्याच्या ज्ञानाचा त्या रुग्णाला उपयोग होत नाही.

अशा रुग्णांची संख्या थोडी नाही. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासाचे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेले अनुमान असे, की 2021 साली जगातील सुमारे 340 कोटी लोकांना, म्हणजे साधारण 43 टक्के लोकसंख्येला, मज्जासंस्थेचा कोणता ना कोणता विकार होता. हा आकडा एवढा फुगतो तो मुख्यतः ताणाची डोकेदुखी आणि अर्धशिशी यांमुळे, हे खरे. पण त्यातच पक्षाघात, अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार), स्मृतिभ्रंश, मेंदूज्वर आणि मधुमेहामुळे होणारे चेतांचे, म्हणजे नसांचे, विकारही आहेत. या रुग्णांसाठी तज्ज्ञ किती आहेत, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या न्यूरॉलॉजी ॲटलासमध्ये सापडते. श्रीमंत देशांत एक लाख लोकांमागे मेंदूविकारतज्ज्ञ, मेंदूशल्यविशारद आणि बालमेंदूविकारतज्ज्ञ मिळून 7.1 होते, तर सर्वांत गरीब देशांच्या गटात हेच प्रमाण 0.1, म्हणजे दहा लाखांमागे एक, एवढेच होते. तज्ज्ञ घडवायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे ही तफावत केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून लवकर भरून निघणार नाही. इतर डॉक्टरांना न्यूरॉलॉजीचा आवश्यक तेवढा भाग नीट शिकवणे हा म्हणूनच मुख्य मार्ग ठरतो. श्रीमंत देशांनाही तो टाळता आलेला नाही, कारण रात्री दोन वाजता प्रत्येक रुग्णालयात तज्ज्ञ हजर नसतो.

अडचण अशी, की बहुतेक डॉक्टरांना हा विषय नकोसा वाटतो. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ राल्फ जोझेफोविच यांनी 1994 मध्ये या नावडीला ‘न्यूरोफोबिया’ असे नाव दिले. त्यांनी तिचे कारणही नेमके सांगितले होते: मूलभूत विज्ञान म्हणून जे शिकवले गेले, ते समोरच्या रुग्णाला लावता येत नाही. विद्यार्थी पहिल्या वर्षी मेंदूची रचना, चेतामार्गांची नावे आणि थेट मेंदूतून निघणाऱ्या बारा कपालचेतांचे क्रम पाठ करतो. रुग्ण त्याला पुढे कधीतरी भेटतात, आणि तेही बहुधा तज्ज्ञांच्या वॉर्डात, जेथे दुर्मीळ आणि गुंतागुंतीचे आजार एकवटलेले असतात. पाठांतर आणि रुग्ण यांच्यामध्ये जो सांधा जुळायला हवा, तो जुळवायचा कोणी, हे कोणीच ठरवलेले नसते. विषय कठीण आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, परंतु ही भीती बरीचशी शिकवण्याच्या पद्धतीतून आलेली आहे.

नोकरीत असलेल्या डॉक्टरांसाठी आखलेले अभ्यासक्रमही पुष्कळदा तीच चूक पुन्हा करतात. तज्ज्ञाच्या संपूर्ण अभ्यासक्रमाची छोटी आवृत्ती काढली जाते, पहिला दिवस मेंदूच्या रचनेत जातो, दुसऱ्या दिवशी एकेका आजारावर व्याख्याने होतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. रुग्ण मात्र आजाराचे नाव घेऊन येत नाही. ‘पाय ओढत चालतो’ किंवा ‘डोळ्यांसमोर दोन दोन दिसते’ असे तो सांगतो. म्हणून शिकवण्याची सुरुवात तक्रारीपासून व्हायला हवी आणि शरीररचना त्या तक्रारीच्या ओघात, लागेल तेवढीच यायला हवी. प्रशिक्षणाचे उद्दिष्टही मर्यादित आणि स्पष्ट असले पाहिजे. डॉक्टरला तीन प्रश्नांची उत्तरे शोधता यावीत: बिघाड कुठे आहे, तो कशा प्रकारचा असू शकतो, आणि किती वेळ हातात आहे. आजाराचे अचूक नाव त्याला सांगता आले नाही तरी चालेल.

बिघाड कुठे आहे

न्यूरॉलॉजीचे खरे वैशिष्ट्य या पहिल्या प्रश्नात आहे. मेंदूतून निघालेला हालचालीचा आदेश मज्जारज्जूतून खाली येतो, मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या चेतामूळात जातो, तेथून चेतेमार्गे स्नायूपर्यंत पोहोचतो आणि चेता व स्नायू यांच्या सांध्यावर रासायनिक संदेशाच्या रूपात स्नायूला मिळतो. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी रुग्णाच्या लेखी परिणाम एकच, ‘शक्ती गेली’. पण अडथळा कुठे आहे यानुसार त्या अशक्तपणाची ठेवण बदलते, आणि ती ठेवण ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. मेंदू किंवा मज्जारज्जू यांच्यातील दोषात काही काळाने स्नायू ताठरतात, रबरी हातोडीने गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय जोराने उडतो आणि तळव्याची कड खरवडली असता अंगठा वरच्या दिशेने वळतो. ही शेवटची खूण जोझेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये नोंदवली आणि आजही तिची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही. मज्जारज्जूतून बाहेर पडल्यानंतरच्या चेतेत दोष असेल तर याच्या उलट घडते: स्नायू सैल पडतो, कालांतराने बारीक होतो आणि हातोडीला प्रतिसाद देत नाही.

याचा उपयोग कसा होतो ते एका तक्रारीवरून पाहू. रुग्ण म्हणतो, उजवे पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटे जमिनीला अडतात. हा दोष गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणाऱ्या चेतेवर दाब आल्याने होऊ शकतो. बराच वेळ मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसल्याने अथवा घट्ट प्लास्टरमुळे असे घडते. कमरेतील पाचवे चेतामूळ दबल्यानेही पाऊल लोंबते. डॉक्टरने रुग्णाला तेच पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगावे. ही हालचाल करणारा स्नायू त्याच चेतामूळावर अवलंबून असला, तरी त्याला आदेश मिळतो तो वेगळ्या चेतेमार्गे. त्यामुळे पाऊल आत वळवण्याची शक्ती शाबूत असेल तर संशय गुडघ्यापाशी जातो, आणि तीही कमी असून कमरेतून पायात कळ येत असेल तर चेतामूळाकडे. पाऊल लोंबते आहे, वेदना मुळीच नाही, हातोडीचा प्रतिसाद वाढलेला आहे आणि अंगठा वर वळतो, असे दिसले तर दोष पायातही नाही आणि कमरेतही नाही. तो वर मज्जारज्जूत किंवा मेंदूत शोधावा लागतो. ही सगळी तपासणी पाच मिनिटांत होते. प्रशिक्षणात अशी दहा-बारा उदाहरणे खऱ्या रुग्णांवर करून घेतली, तर चेतामार्गांची नावे पाठ न करताही लक्षात राहतात, असे मला वाटते.

हे न शिकल्याची किंमत कशी मोजावी लागते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कमरेचा एमआरआय. दोन्ही पायांतली शक्ती हळूहळू कमी होत चाललेला रुग्ण आला की कमरेचा एमआरआय काढण्याची सवय सर्वत्र दिसते. परंतु प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पाय ताठरलेले असतील आणि हातोडीचा प्रतिसाद वाढलेला असेल तर दाब त्याहून वर, पाठीत किंवा मानेत असतो, आणि कमरेच्या चित्रात तो दिसणारच नाही. दिसते ते मणक्यांमधल्या, वयोमानाने झिजलेल्या चकत्यांचे चित्र, जे तक्रार नसलेल्या माणसांतही सापडते. मग त्या चकत्यांवर दोष ठेवून उपचार सुरू होतात आणि खरा दाब वाढत राहतो. एका रबरी हातोडीने टळली असती अशी ही चूक आहे. तपासणीचे यंत्र चुकीच्या जागी रोखले गेले की ते जितके चांगले, तितका खोटा दिलासा जास्त.

चेहऱ्याच्या बाबतीतही अशीच एक साधी खूण आहे. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला कपाळाला आठ्या घालायला सांगावे. त्या बाजूच्या कपाळावरही आठी पडत नसेल, तर दोष बहुधा चेहऱ्याच्या चेतेत असतो. तोंड वाकडे असून कपाळ हलत असेल तर मेंदूतील दोषाचा, म्हणजे पक्षाघाताचा विचार आधी करावा लागतो. पहिल्या प्रकारात स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू केल्यास चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या प्रकारात हिशोब मिनिटांचा असतो.

कशा प्रकारचा बिघाड, आणि किती वेळ हातात आहे

आजाराचा प्रकार ठरवण्यासाठी सर्वांत मोलाची माहिती म्हणजे तक्रार किती वेगाने वाढली. क्षणार्धात सुरू झालेली कमजोरी बहुधा रक्तवाहिनीशी संबंधित असते. काही तासांत किंवा दिवसांत वाढत गेलेली तक्रार जंतुसंसर्ग किंवा दाह सुचवते, आठवड्या-महिन्यांत वाढणारी गाठीचा संशय निर्माण करते, आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढणारी झिजेच्या आजारांकडे बोट दाखवते. अर्थात याला अपवाद आहेत, आणि तज्ज्ञांना ते पुष्कळ माहीत असतात. नवशिक्याला आधी नियम पक्का कळला पाहिजे. ‘केव्हापासून?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्या क्षणी तुम्ही काय करत होता?’ असे विचारले की रुग्ण ‘दात घासत होतो आणि ब्रश हातातून पडला’ असे सांगतो, आणि निम्मे निदान तेथेच होते.

पक्षाघातात वेळेचे महत्त्व सर्वांना ठाऊक झाले आहे, पण त्यामागचे आकडे प्रशिक्षणात स्पष्ट सांगायला हवेत. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशोब 2006 मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत उपयोगी पडते हे 1995 मध्ये सिद्ध झाले आणि 2008 मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. नळी घालून गुठळी काढण्याची पद्धत 2015 मधील चाचण्यांनंतर रूढ झाली. 2018 पासून, विशेष स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसणाऱ्या निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंतही वापरली जाते. ‘उशीर झाला, आता काही करता येणार नाही’ असे जुन्या शिकवणीनुसार परस्पर ठरवणे म्हणूनच आज चुकीचे आहे.

पहिल्या डॉक्टरने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता, ही वेळ नेमकी विचारून लिहून ठेवावी. झोपेतून उठल्यावर हात लुळा आढळला असेल तर वेळ मोजायची ती उठल्यापासून नव्हे, तर तो धडधाकट झोपला तेव्हापासून. बोटातून रक्त घेऊन साखर तपासावी, कारण साखर फार उतरली की पक्षाघाताचे हुबेहूब सोंग तयार होते आणि ते ग्लुकोजने काही मिनिटांत उतरते. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, हे विचारावे. आणि जे करू नये तेही तितकेच महत्त्वाचे आहे. वाढलेला रक्तदाब पाहून तो घाईने खाली आणण्याचा मोह बहुतेक डॉक्टरांना आवरत नाही. पण गुठळीच्या पक्षाघातात मेंदूचा अर्धमेला भाग त्याच दाबावर तग धरून असतो. गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे असेल तर दाब 185/110 च्या खाली हवा. ते किंवा गुठळी काढण्याचा उपचार होणार नसेल आणि दाब कमी करण्याचे दुसरे तातडीचे कारण नसेल, तर 220/120 पर्यंतचा दाब सहसा तसाच राहू दिला जातो. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर मात्र हा हिशोब बदलतो, म्हणून स्कॅन लवकर हवा.

न थांबणारी फिट ही दुसरी आणीबाणी. संपूर्ण शरीराची झटक्यांची फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली की ती आपोआप थांबेल अशी वाट पाहू नये, हा निकष 2015 पासून जगभर मान्य आहे. येथे होणारी नेहमीची चूक ज्ञानाच्या अभावापेक्षा भीतीतून होते: श्वास मंदावेल या धास्तीने डॉक्टर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम ही फिट थांबवणारी औषधे अर्धवट मात्रेत देतात. प्रत्यक्षात धोका उलट बाजूला आहे. रुग्णवाहिकेत दिलेल्या उपचारांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोराझेपाम किंवा डायझेपाम दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे 10 टक्के जणांना श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास झाला, तर औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस, दिलेल्यांत हे प्रमाण 22 टक्क्यांहून जास्त होते. म्हणजे श्वास अडवणारी गोष्ट मुख्यतः फिटच होती. शीर सापडत नसेल तर 40 किलोपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णाला 10 मिलिग्रॅम मिडाझोलाम स्नायूत टोचता येते, आणि ते शिरेतील औषधाच्या तोडीस तोड ठरते हे 2012 मध्ये दिसून आले. ही माहिती व्याख्यानात सांगून भागत नाही. पुतळ्यावर, घड्याळ लावून, सिरिंज प्रत्यक्ष भरून सराव केला तरच ती ऐन वेळी हाताशी येते. मेंदूविकारांच्या अतिदक्षता उपचारांतील तज्ज्ञांच्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीचा ‘इमर्जन्सी न्यूरॉलॉजिकल लाइफ सपोर्ट’ हा अभ्यासक्रम पहिल्या तासात काय करायचे याभोवतीच बांधलेला आहे, आणि विषयाची वाटणी आजाराच्या नावापेक्षा वेळेवर करण्याची त्याची कल्पना मला अनुकरणीय वाटते.

गुलेन बॅरी सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतांवर उलटते त्या आजारात, फसगत वेगळ्या प्रकारची असते. पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी आणि हातोडीचा हरवलेला प्रतिसाद या खुणा डॉक्टर ओळखतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो, आकडा 98 दिसतो आणि तो निश्चिंत होतो. श्वासाचे स्नायू थकत चालले असले तरी ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावणे, मान उचलण्याची शक्ती पाहणे आणि शक्य असेल तेथे फुफ्फुसांची क्षमता मोजणे हे जास्त उपयोगी असते. ती वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिलिटरच्या खाली आली तर रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवण्याची वेळ झालेली असते. या आजाराच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना कृत्रिम श्वासाची गरज लागते, हे लक्षात घेतले की ऑक्सिमीटरवर विसंबणे किती महागात पडू शकते ते कळते.

जे तज्ज्ञाशिवायही पूर्ण करता येते

प्रशिक्षण म्हणजे फक्त धोके ओळखून रुग्ण पुढे पाठवणे, असा समज झाला तर डॉक्टर केवळ चिठ्ठ्या लिहिणारा होतो. न्यूरॉलॉजीचा मोठा भाग पहिल्या पायरीवरच आटोपण्यासारखा आहे. कूस बदलताना काही सेकंद घर फिरल्यासारखे वाटणे हे अनेकदा आतल्या कानातील सूक्ष्म कण जागा सोडून गेल्याचे लक्षण असते. रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करण्याच्या डिक्स-हॉलपाइक चाचणीने ते ओळखता येते आणि एप्ले यांच्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने फिरवले की पुष्कळ रुग्णांना त्याच पलंगावर आराम पडतो. येथे गोळ्या, स्कॅन आणि दुसरा डॉक्टर यांपैकी कशाचीही गरज सहसा पडत नाही. मात्र चक्कर सलग तासन् तास टिकून असेल, बुबुळे आपोआप झटक्यांनी हलत असतील आणि उभे राहवत नसेल, तर लहान मेंदूच्या पक्षाघाताची शक्यता तपासावी लागते. त्यासाठी डोळ्यांच्या हालचालींच्या तीन चाचण्यांचा एक संच आहे, जो ‘हिंट्स’ या नावाने ओळखला जातो. सराव असलेल्या हातात तो पहिल्या दिवसाच्या एमआरआयपेक्षा सरस ठरू शकतो, असे 2009 मध्ये दाखवून देण्यात आले. तोच संच थांबून थांबून येणाऱ्या चकरेत वापरला की उत्तर हमखास चुकते. तो दोन तासांच्या कार्यशाळेत उरकून देण्यापेक्षा न शिकवलेला बरा.

डोकेदुखीत धोक्याच्या खुणा शिकवणे सोपे आहे: काही क्षणांत शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासह मान ताठरणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर उद्भवलेली. पण दवाखान्यात रोज दिसतो तो वेगळाच रुग्ण. अर्धशिशीसाठी तो वेदनाशामके घेत राहतो, आणि गोळ्यांचे दिवस महिन्याला पंधरा किंवा त्याहून अधिक झाले, आणि काही प्रकारच्या औषधांसाठी दहाच झाले, की तीन महिन्यांनंतर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊन बसतात. अशा रुग्णाला गोळ्यांच्या तारखा लिहायला लावणे हे कोणत्याही स्कॅनपेक्षा उपयुक्त आहे.

अपस्माराच्या बाबतीत तर सर्वसाधारण डॉक्टरवरच मुख्य भार आहे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, त्यांतील जवळपास 80 टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेने 2008 मध्ये सुरू केलेला ‘एमएचगॅप’ कार्यक्रम याच विचारावर उभा आहे: मानसिक आजारांबरोबर अपस्मार आणि स्मृतिभ्रंश यांचेही प्राथमिक उपचार तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी करावेत, यासाठी प्रश्न आणि कृती यांच्या सोप्या वाटा आखून दिलेल्या आहेत. मे 2022 मध्ये मान्य झालेल्या 2022 ते 2031 च्या जागतिक कृती आराखड्यात अपस्माराच्या सेवेची व्याप्ती 2021 च्या तुलनेत 50 टक्क्यांनी वाढवण्याचे लक्ष्य आहे, आणि ते प्राथमिक पातळीवरील डॉक्टरांशिवाय गाठता येणार नाही.

अपस्मार शिकवताना औषधांच्या यादीपेक्षा साक्षीदाराशी बोलणे शिकवायला हवे. रुग्णाला त्या वेळचे काहीच आठवत नसते; सांगू शकतो तो शेजारी उभा असलेला माणूस. चेहरा आधी पांढरा पडला का, पडण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधारी आली का, झटके किती वेळ चालले, जीभ कडेला चावली गेली का, नंतर किती वेळ भान नव्हते? रक्तदाब उतरून आलेल्या साध्या मूर्च्छेतही काही सेकंद हातपाय झटकतात, आणि हे न कळल्याने कित्येकांना अपस्माराचा शिक्का आणि वर्षानुवर्षांची औषधे मिळतात. मोबाइलवर काढलेली चित्रफीत येथे मोठी मदत करते, म्हणून घरच्यांना ती काढायला सांगणे हाही उपचाराचा भाग मानावा. व्हॅल्प्रोएटसारखे अपस्मारावरचे औषध गर्भाला गंभीर अपाय करू शकते, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांत ते सहजासहजी सुरू करू नये, आणि कोणतेही अपस्माराचे औषध एकाएकी बंद करू नये, हे दोन नियम मात्र पाठच हवेत.

सर्व तपासण्या ठीक आलेल्या रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगण्याची पद्धतही बदलायला हवी. मज्जासंस्थेची रचना धड असून तिचे कार्य बिघडते, असे आजार वारंवार आढळतात. त्यांचे निदान इतर सर्व शक्यता संपल्या म्हणून करायचे नसते. त्यांच्याही स्वतःच्या खुणा आहेत. 1908 मध्ये चार्ल्स हूवर यांनी वर्णन केलेल्या चाचणीत, रुग्णाला मुद्दाम खाली दाबता न येणारा पाय, दुसरा पाय जोर लावून उचलताना आपोआप खाली दाबला जातो. ही खूण रुग्णालाच दाखवून, शक्ती शाबूत आहे पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बिघडली आहे, असे समजावता येते. त्यातून उपचाराची सुरुवात होते, आणि सोंगाचा आरोपही टळतो.

शिकवण्याची रीत

एवढे सारे शिकवायचे कसे, यावर अनेक प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये यकृताच्या एका आजारासाठी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. त्यात दूरवरचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमतात, आपापले रुग्ण मांडतात आणि तज्ज्ञ व इतर सहकारी मिळून त्यांवर चर्चा करतात. रुग्ण मूळ डॉक्टरकडेच राहतो, पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते सगळ्यांना कळते, आणि दुसऱ्याच्या रुग्णावरूनही शिकायला मिळते. ही पद्धत पुढे अपस्मारासारख्या विषयांतही वापरली गेली. एकदाच झालेल्या व्याख्यानमालेपेक्षा ही रीत मला जास्त विश्वासार्ह वाटते. मात्र तिलाही एक मर्यादा आहे: हातोडी कशी धरायची आणि डोळ्यांची हालचाल कशी पाहायची, हे पडद्यावरून पूर्णपणे शिकवता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात काही दिवस शेजारी बसणे, स्वतः तपासणे आणि तेथेच चूक दुरुस्त करून घेणे, याला पर्याय नाही.

तज्ज्ञाला फोनवर रुग्ण कसा सांगायचा, हे कौशल्य जवळजवळ कोठेच शिकवले जात नाही. ‘बेशुद्ध रुग्ण आहे, पाठवू का?’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तक्रार केव्हा आणि किती वेगाने सुरू झाली, शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे तिन्ही भाग (डोळे उघडणे, बोलणे, हालचाल) वेगवेगळे किती आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, कोणती बाजू कमी हलते, साखर किती, आणि नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे, हे एका मिनिटात सांगता आले तर समोरचा तज्ज्ञ लगेच निर्णय देऊ शकतो. ग्लासगो येथे 1974 मध्ये तयार झालेले ते मोजमाप मुळात वेगवेगळ्या माणसांनी एकाच रुग्णाबद्दल एकाच भाषेत बोलावे, यासाठीच होते.

काही कौशल्यांबाबत वास्तव स्वीकारणे शहाणपणाचे ठरते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मेंदूतील वाढलेल्या दाबाची सूज दिसते, हे प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातील 350 रुग्णांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढली गेली. त्यांतील 44 जणांत महत्त्वाचे दोष सापडले. तेथील डॉक्टरांनी नेहमीच्या उपकरणाने डोळे तपासले होते ते केवळ 48 रुग्णांचे, आणि त्या 44 पैकी एकही दोष त्यांच्या ध्यानात आला नव्हता. हा दोष डॉक्टरांच्या आळसाचा म्हणून सोडून देता येईल, पण बाहुली न फुलवता त्या उपकरणाने पाहणे खरोखरच कठीण आहे. त्याच्या सरावावर तास घालवण्यापेक्षा कॅमेरा उपलब्ध करून द्यावा आणि छायाचित्र वाचायला शिकवावे, हे अधिक व्यवहार्य आहे.

प्रशिक्षणाने काय साधले हे प्रश्नपत्रिकेवरून ठरवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी उपयोगाची पद्धत आहे. काही महिन्यांनी त्या डॉक्टरांची केसपेपरे पाहावीत. त्यांत तक्रारीची नेमकी वेळ लिहिलेली आहे का, हातोडीच्या प्रतिसादाची नोंद आहे का, फिटच्या औषधाची पहिली मात्रा पूर्ण होती का, पक्षाघाताचा रुग्ण दारातून आत आल्यापासून स्कॅनपर्यंत किती मिनिटे गेली, कमरेचे एमआरआय कमी झाले का, हे तपासावे. तज्ज्ञाकडे पाठवलेल्या रुग्णांची संख्या कमी झाली की प्रशिक्षण यशस्वी, असे मात्र समजू नये. चांगल्या प्रशिक्षणानंतर साध्या डोकेदुखीच्या चिठ्ठ्या कमी होतात आणि मज्जारज्जूवरील दाबाच्या चिठ्ठ्या वाढतात, त्यामुळे एकूण आकडा जिथल्या तिथे राहू शकतो. म्हणून चिठ्ठ्या मोजण्याऐवजी त्या वाचाव्या लागतात, आणि त्या वाचून प्रत्येक डॉक्टरला दोन ओळींचे उत्तर पाठवण्याचे काम तज्ज्ञाने स्वतःकडे घ्यावे लागते.